कुत्रं बिघडलं की घर?

"गुरुजी, उभ्या जन्मात एवढी पोरं सरळ केलीत, आणि घरचं एक कुत्रं सरळ होईना?"

मे महिन्यापासून हा टोमणा मी मानकोली नाक्यावरच्या चहावाल्यापासून थेट आमच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांकडून ऐकतो आहे. आधी हसून सोडून द्यायचो. आता सोडत नाही. कारण सगळा रोग या टोमण्यातच आहे असं माझं मत झालंय. ते आज जरा सविस्तर मांडतो. काहींना राग येईल. येऊ दे.

आधी घडलं ते सांगतो.

त्याआधीच्या दिवाळीत मुलाने जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. चाळीस दिवसांचं. विकणारा म्हणाला, "एवढं लहान असतानाच न्या, म्हणजे लळा लागतो." नाव ठेवलं टायगर. पहिले तीन महिने सगळ्यांचा लाडका. सोफ्यावर झोपायचा, नातवाच्या ताटातलं खायचा, पाहुण्यांच्या पायजम्याला लोंबकळायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मग तो वाढला. तेच लोंबकळणं लोकांना बोचायला लागलं. मग त्याची रवानगी पडवीत, खांबाला साखळीने. आता हाक मारली तर ढिम्म. फाटकाशी कोणी आलं की अंगावर धावायचा. चप्पल धरली की सोडायचा नाही. "वाया गेलाय" असा शेरा घरात एकमताने पडला.

होळीच्या सुमारास सौ. त्याचं जेवणाचं भांडं उचलायला गेली तेव्हा तो गुरगुरला. मी तिथेच होतो, हातात काठी होती. दोन ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी परत गुरगुरला, परत दोन. चार-पाच दिवसांत गुरगुरणं बंद! घरात माझी वाहवा झाली. मुलगा म्हणाला, "बाबांनी बरोबर लाइनीत आणला."

मे महिन्यात शेजारी हळद होती. आमच्या भागातली हळद म्हणजे काय ते आगरी-कोळी मंडळींना सांगायला नको. दुपारपासून डीजे सुरू. पडवीतले पत्रे थरथरत होते. टायगर खांबाला. येणारा-जाणारा त्याच्या डोक्यावर थापट्या मारून जात होता, दोन-तीन पोरं लांबून त्याला हिणवत होती. संध्याकाळी नातवाचा चेंडू घरंगळत त्याच्या भांड्यापाशी गेला. नातू सहा वर्षांचा. त्याने हात घातला आणि टायगरने तो धरला. गुरगुरला नाही, भुंकला नाही. सरळ चावला.

सूनबाईने जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, घड्याळ लावून. मग भिवंडीला नेऊन इंजेक्शनं सुरू केली. टायगरला रेबीजची लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी पूर्ण कोर्स करायला लावला आणि ते बरोबरच आहे. नातू आता बरा आहे. मनगटावर दोन खुणा तेवढ्या राहिल्या आहेत.

त्या रात्री घरात एकच चर्चा: "न गुरगुरता कसा काय चावला?" मी गप्प होतो. मला उत्तर माहीत होतं. गुरगुरायचं नाही हे त्याला मीच शिकवलं होतं.

मंडळी, गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. ती नोटीस असते. "मला भीती वाटतेय, लांब व्हा" हे सांगायला त्या मुक्या जनावराकडे दुसरे शब्द नाहीत. आधी ते अंग आखडतं, नजर चुकवतं, ओठ चाटतं. तेवढ्याने आपल्याला कळत नाही, म्हणून गुरगुरतं. तेही आपण काठीने बंद केलं की खाली एकच पायरी उरते. काठीने त्याची भीती गेली नाही, फक्त नोटीस गेली. आणि ही चूक करणारा मी चाळीसएक वर्षं शिकवण्याचा धंदा केलेला माणूस!

खरं सांगायचं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. मी वर्गात छडी वापरली आहे. आमच्या काळी सगळेच वापरत, ही काही सबब नाही. छडी टेबलावर असली की "समजलं का?" या प्रश्नाला साठ पोरं एका सुरात "हो गुरुजी" म्हणत. वर्ग शांत, हेडमास्तर खूश. मग चाचणीचे पेपर तपासताना कळे की निम्म्यांना काहीच समजलेलं नाही. फक्त "समजलं नाही" असं म्हणायची त्यांची हिंमत गेलेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी केली, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आमच्यातले पुष्कळ मास्तर त्यावर चिडले होते. मीही जरा कुरकुरलो होतो. आज तसं करणार नाही.

आता चावल्यानंतर मिळालेल्या सल्ल्यांकडे येतो. सल्ले तीनच, सांगणारे तीनशे.

पहिला सल्ला: "दोन रट्टे कमी पडले, अजून घाला."

याला हल्ली मोबाईलवरच्या व्हिडिओंचं बळ मिळालंय. मुलानेच मला दाखवले. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या टोळीत एक "अल्फा" म्हणजे म्होरक्या असतो, तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, तर तुम्ही घरातले अल्फा व्हा. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरा, डोळ्याला डोळा भिडवा, वगैरे. ऐकायला मोठं शास्त्रीय वाटतं. पण या कल्पनेचा जन्म पिंजऱ्यातला आहे. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडले, ते भांडले, आणि त्यावरून सिद्धान्त निघाला. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकामुळे तो जगभर पसरला. गंमत अशी की याच मेक यांनी पुढे कॅनडाच्या उत्तरेला एल्समेर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं की टोळी म्हणजे एक कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे कोणी कुस्ती मारून म्होरक्या होत नाही. पुढे त्यांनी प्रकाशकाला आपलं ते जुनं पुस्तक छापणं थांबवायलाही सांगितलं. ज्याने सांगितलं त्याने मागे घेतलं, आपण मात्र अजून कुत्र्याच्या छातीवर बसतोय.

बरं, बसून होतं काय? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुम्ही काय काय करून पाहिलं आणि कुत्र्याने काय केलं? मारण्याचा किंवा लाथेचा प्रयोग करणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला. उताणं पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के, नजर रोखणाऱ्यांपैकी ३० टक्के. म्हणजे औषध घेतल्यावर दर तीन-चार रोग्यांमागे एकाचा रोग वाढतोय. अशा वैद्याकडे आपण परत गेलो असतो का?

आणि आठ महिन्यांचा टायगर हाक मारली तर येत नाही, यात "वाया जाणं" कुठलं? ज्यांनी आठवी-नववीच्या वर्गावर तास घेतले असतील त्यांना पुढचं वाचून हसू येईल. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास मांडला. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवलेली पिल्लं घेतली. पाचव्या महिन्यात "बस" म्हटल्यावर मुकाट बसणारी ती पिल्लं आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकू लागली. पण परक्या माणसाचं मात्र ऐकत होती! आमच्या शाळेतली पोरं घरी आईला उलट बोलायची आणि वर्गात मान खाली घालून बसायची, तसंच. हे वय आहे आणि ते सरतं. तोवर घर शहाणं राहिलं पाहिजे.

दुसरा सल्ला: "बांधून ठेवा."

यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण हे आमच्या गावातलंच आहे. माझ्या लहानपणी इथे भातशेती होती. कुत्री गावाची असत. दिवसभर खळ्यापासून खाडीपर्यंत हिंडत, प्रत्येक घरी भाकरीचा तुकडा मिळे, प्रत्येक माणूस वासाने माहीत. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. चावरं कुत्रं गावकरी मारूनही टाकत, हेही पाहिलंय. पण त्या कुत्र्यांना जग ओळखीचं होतं हे नक्की.

मग शेतं गेली, गोदामं आली. आता मानकोली, दापोडे, वळ, काल्हेरपर्यंत नजर जाईल तिथे पत्र्यांच्या शेड आणि रात्रंदिवस कंटेनर. जमिनीचे पैसे आले, बंगले झाले, आणि बंगल्याच्या फाटकाला शोभा म्हणून रॉटवायलर, पिटबुल, जर्मन शेफर्ड आले. दोन कोटींच्या बंगल्याबाहेर चार फुटांच्या साखळीला बांधलेलं कुत्रं! समोरून दर मिनिटाला हॉर्न, अनोळखी ड्रायव्हर, हमाल. त्याला ना पळता येत, ना जवळ जाऊन वास घेता येत. पळायची वाट बंद केलेला प्राणी दुसरं काय करणार? तो अंगावर जातो. आपण म्हणतो, "राखणीला एक नंबर!" आणि तोच प्राणी एक दिवस घरच्या पोराला चावला की म्हणतो, "पिसाळलाय."

पिल्लाला जगाची ओळख साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात होते, हे स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ सालीच पुस्तकात मांडून ठेवलंय. या काळात जी माणसं, जे आवाज भेटतात ते आपले. जे भेटत नाहीत त्यांची भीती. आईशी आणि भावंडांशी मस्ती करताना दात किती जोरात लावायचा हेही पिल्लू याच दिवसांत शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. आमचा टायगर सहाव्या आठवड्यात आईपासून तोडला. म्हणजे बालवाडीतूनच नाव काढलं! कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे २०१७ चे नियम आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू देत नाहीत. विकणाऱ्याने ते पाळले नाहीत हा त्याचा गुन्हा. आम्ही विचारलंच नाही हा आमचा.

आणि साखळीबद्दल तर आपल्या देशाचा कायदाच आहे, तोही १९६० चा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणाऱ्या या कायद्याच्या कलम ११ मध्ये अवास्तव आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा आहे. नीट वाचा, न फिरवणं हासुद्धा. मानकोलीतल्या किती फाटकांवर हे कलम लागेल ते तुम्हीच मोजा. मोजणीला माझ्या घरापासून सुरुवात करायला हरकत नाही.

तिसरा सल्ला, आणि हा मला सर्वांत जास्त झोंबला: "गाडीत घाला आणि सोडून या."

माझ्या सख्ख्या भाच्याने हा सल्ला दिला. म्हणे, आता मोठागावचा पूल झालाय, दहा मिनिटांत डोंबिवली. पलीकडे सोडलं की परत येत नाही. दुसरा म्हणाला, नाशिक हायवेला पडघ्याच्या पुढे सोडा, ढाब्यावर जगेल. किती सहज! जे कुत्रं आपल्या नातवाला चावलं ते दुसऱ्याच्या नातवाच्या गल्लीत सोडायचं. जन्मात रस्ता न ओलांडलेलं जनावर हायवेवर सोडायचं. आणि घरी येऊन म्हणायचं, "मारलं तर नाही ना!" त्याच १९६० च्या कायद्यात असं सोडून देणं हाही गुन्हा आहे. पण पहिल्या वेळी दंड लिहून ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. दोन वडापाव आणि एक चहा. आपण जबाबदारीची किंमत एवढीच ठरवली, मग रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नावाने बोंब कशाला मारायची?

"सगळा दोष जातीचा" म्हणणारेही आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याचा चावा जास्त घातक असतो हे मला मान्य आहे. म्हणूनच तसं कुत्रं पाळणाऱ्यावर जास्त जबाबदारी. वरळीतली घटना आठवा. २०१८ साली एका इसमाने शेजारी नको नको म्हणत असताना आपला हस्की कुत्रा ओढत लिफ्टमध्ये आणला. कुत्रा शेजाऱ्याला चावला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची शिक्षा दिली. नेपियन सी रोडवर २०१० साली रॉटवायलर एका वृद्धाला चावला, त्यात जानेवारी २०२३ मध्ये मालकाला तीन महिने. आणि जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात एका अकरा वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडला गेला, मुलगा ओरडतोय आणि मालक हसतोय, हा व्हिडिओ आपण सर्वांनी पाहिला. आता सांगा, तिथे पिसाळलेलं कोण होतं? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राण्याबाबत निष्काळजी राहणाऱ्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. कायद्यालाही कळतं की साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभं असतं.

इथे सूनबाईचा मुद्दा मांडलाच पाहिजे, नाहीतर लेखन एकतर्फी होईल. ती म्हणाली, "बाबा, तुमचं सगळं बरोबर. पण पोर माझं आहे. उद्या तोंडाला चावला तर?" याला माझ्याकडे व्याख्यान नव्हतं. तिचं शंभर टक्के खरं आहे. कुत्र्यावर दया आणि पोराच्या जिवाशी खेळ या दोन गोष्टी एक नव्हेत. कुत्र्याचा दोष नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात नाही. म्हणून घरात पहिला नियम झाला: मोठं माणूस मध्ये असल्याशिवाय नातू आणि टायगर एका जागी नाहीत. पाच मिनिटंसुद्धा नाहीत. नियम मोडणारा घरातला असो वा पाहुणा, बोलणी खाईल.

बाकीचं सांगतो. आधी पशुवैद्याला दाखवलं. अचानक चावणाऱ्या कुत्र्याचा कान, दात, सांधे दुखत नाहीत ना हे आधी पाहायचं असतं. टायगरच्या एका कानात संसर्ग निघाला. म्हणजे हळदीत डोक्यावर थापट्या पडत होत्या तेव्हा तो कानही ठणकत असणार. खांब आणि साखळी गेली, मागच्या अंगणाला जाळी लावली. रस्ता त्याला दिसत नाही, तो रस्त्याला दिसत नाही. पहाटे साडेपाचला, कंटेनरची गर्दी व्हायच्या आत, मी आणि मुलगा आळीपाळीने त्याला फिरवतो. गर्दीत न्यायचं तर तोंडाला मुसकं. मळणीत बैलाला बांधतो तसंच, पण जाळीचं, ज्यात त्याला धापा टाकता येतील असं. यात लाज कसली?

आणि भांडं. आता कोणी त्याचं भांडं ओढत नाही. लांबून जाताना उकडलेल्या कोंबडीचा तुकडा भांड्यात टाकायचा आणि पुढे जायचं. आधी दहा फुटांवरून, मग आठ. माणूस जवळ आलं की काही जात नाही, उलट काही मिळतं, एवढा एकच धडा. दीड महिना लागला. एकदा मध्येच गुरगुरला. मुलाचा हात उठला होता, मी धरला. म्हटलं, "गुरगुरतोय ना? आभार मान त्याचे. परत बोलायला लागलाय."

आज सहा महिने झाले. टायगर सरळ झालाय असं मी म्हणणार नाही. हाकेला दहापैकी सात वेळा येतो. दारावरची बेल वाजली की अजून आकांडतांडव करतो. नातू त्याला जाळीपलीकडून "बस" म्हणतो, तो बसतो, तेव्हा सूनबाई दारात उभी असते. तिने माफ केलेलं नाही. तिला घाई नाही, मलाही नाही. कदाचित तो नातवासोबत मोकळा कधीच राहू शकणार नाही. तर मग जाळी राहील, दहा-बारा वर्षं राहील. पिल्लू आणताना हा हिशेब करायचा असतो, तो आम्ही चावल्यानंतर केला.

म्हणून नाक्यावरच्या त्या टोमण्याला आता माझं उत्तर ठरलंय. कुत्रं सरळ करायचं नव्हतंच. सरळ मला व्हायचं होतं. या वयात जरा जड जातंय, पण चाललंय.

असो. पहाटे उठायचं आहे. काठी अजूनही सोबत असते, गुडघ्यांसाठी. पहिले पंधरा दिवस ती हातात घेतली की टायगर कोपऱ्यात सरकायचा. ते सरकणं बघवत नसे. आता काठी उचलली की तो दाराशी जाऊन उभा राहतो. त्याच्या लेखी तिचा अर्थ "फिरायला चला" असा झालाय.